ठाण्यात बसून अमेरिकेचा युद्धकाळातला अध्यक्ष निवडताना: एफव्हीएपी मतदान सेवेचं परीक्षण

सेवा: फेडरल व्होटिंग असिस्टन्स प्रोग्राम, म्हणजे एफव्हीएपी
चालवतं कोण: अमेरिकेचं संरक्षण खातं
खर्च: फॉर्म फुकट, टपालखर्च तुमचा
कोणासाठी: ठाणे-नवी मुंबईत राहणारे, १८ वर्षं पूर्ण झालेले अमेरिकी नागरिक
आमचा शेरा: पाचपैकी साडेतीन

ही सेवा तुमची कोरी मतपत्रिका निवडणुकीच्या ४५ दिवस आधी तुमच्यापर्यंत पोचवण्याची व्यवस्था करते, आणि ते काम चांगलं करते. मत कोणाला द्यायचं याबद्दल ती अवाक्षर काढत नाही, आणि सरकारी सेवेने काढूही नये. अडचण वेळापत्रकाची आहे. टपालाचे दिवस धरले तर इथल्या मतदाराला सप्टेंबरच्या शेवटी निर्णय करावा लागतो, आणि प्रचाराचा सगळ्यात तापलेला महिना मत पाठवून झाल्यावर येतो. एरवी याचं कोणाला काही वाटत नाही. पण देश युद्धात असला की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं: 'जरा थांबू या, ऑक्टोबरात चित्र स्पष्ट होईल.' आमचं म्हणणं आहे की थांबू नये. थांबल्याने मतपत्रिका उशिरा पोचून बाद होण्याचा धोका आहेच. शिवाय युद्धाबद्दल ऑक्टोबरात जे सांगितलं जातं ते फारसं टिकत नाही, असा आजवरचा अनुभव आहे.

आधी हक्क कोणाचा ते पाहू, कारण सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. मुलीकडे राहून नागरिकत्व घेतलेले आणि पुन्हा नौपाड्यात परतलेले आजी-आजोबा, ऐरोलीला कंपनीच्या कामासाठी आलेले आयटीवाले, तिकडे जन्मून इथे वाशी-खारघरच्या कॉलेजात शिकणारी मुलं, या सगळ्यांना मत आहे. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) घेतल्याने अमेरिकेतलं मत जात नाही. ओसीआयवर भारतात मतदान करता येत नाही, एवढंच. ग्रीन कार्डवाल्यांना मात्र अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मत नाही. 'फॉर्म भरून तर बघू' असं म्हणून भरला तर तो गुन्हा ठरतो आणि ग्रीन कार्ड जाण्यापर्यंत वेळ येऊ शकते. घरातल्या ज्यांच्याकडे फक्त भारतीय पासपोर्ट आहे आणि ग्रीन कार्डही नाही, त्यांनी आवडत्या उमेदवाराला ऑनलाइन देणगी पाठवू नये. परदेशी नागरिकाने अशी देणगी देणं तिथल्या कायद्याने बंद आहे, मग रक्कम कितीही लहान असो.

मत कुठल्या राज्यात, हेही आपल्या हातात नसतं. अमेरिकेत शेवटी जिथे कायमचं घर होतं तो पत्ता धरला जातो, मग ते घर विकलेलं असो वा भाड्याचं असून सोडलेलं असो. निवडणूक ५३८ इलेक्टरांची, म्हणजे अध्यक्ष निवडणाऱ्या राज्यांच्या प्रतिनिधींची, जिंकायला २७० लागतात आणि हिशोब राज्यवार होतो. त्यामुळे 'पेनसिल्व्हेनियात मामेबहीण राहते, तिचा पत्ता टाकू, तिथे मताला वजन आहे' असं सुचवणारे भेटतात. असं करू नये, कारण फॉर्मवर खोटं सांगितल्यास शिक्षेची तरतूद आहे. अमेरिकेत कधीच न राहिलेल्या मुलांना काही राज्यं आईवडिलांच्या जुन्या पत्त्यावर मत देऊ देतात, काही देत नाहीत. ते एफव्हीएपीच्या संकेतस्थळावर आपल्या राज्याच्या पानावर लिहिलेलं असतं.

फॉर्म एकच आहे: फेडरल पोस्ट कार्ड ॲप्लिकेशन, म्हणजे एफपीसीए. मतदार नोंदणी आणि मतपत्रिकेची मागणी, दोन्ही त्यातच होतं. फॉर्म भरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पण आपल्याकडच्या सवयींमुळे तो अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा तारखेची. आपण दिवस आधी लिहितो, तिकडे महिना आधी. ४ मार्च १९५८ ही जन्मतारीख ०४/०३/१९५८ अशी लिहिली की काउंटीतला, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यातला, कारकून ती ३ एप्रिल वाचतो, यादीतल्या नोंदीशी ती जुळत नाही आणि अर्ज बाजूला पडतो. दुसरी नावाची. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. कोणाच्या पासपोर्टवर ते पहिल्या नावाला जोडून छापलेलं असतं, कोणाच्या ड्रायव्हिंग लायसन्सवर नुसतं आद्याक्षर असतं, आणि लग्नाआधीचं आडनाव अजून मतदार यादीत राहिलेलं असतं. नाव यादीत जसं आहे तसंच लिहायचं. जुनं नाव लिहायला वेगळी जागा आहे, ती मोकळी सोडू नये. तिसरी सहीची. इथल्या बँकेत मराठी सही, तिकडच्या लायसन्सवर इंग्रजी, आणि सत्तरीनंतर हात थरथरतो म्हणून तिसरीच. बऱ्याच राज्यांत सही जुळवून पाहतात. तिकडच्या कागदावर केलेली जुनी सही समोर ठेवून, त्याच वळणाची सही करावी.

चौथी चूक पत्त्याच्या चौकटींची. मतदानाच्या पत्त्यात पाचपाखाडीचा पत्ता आणि सध्याच्या पत्त्यात न्यू जर्सीचा, अशी अदलाबदल होते. वर अमेरिकेतला जुना पत्ता, खाली ठाण्याचा, पिनकोडसकट, शेवटी 'इंडिया'. मतपत्रिका कशी हवी या प्रश्नाला 'ईमेल किंवा ऑनलाइन' निवडा. २००९ च्या मूव्ह कायद्यामुळे प्रत्येक राज्याला परदेशातल्या मतदारासाठी ही सोय द्यावीच लागते. कागदी मतपत्रिका मागवली तर येण्याचे दिवस आणि जाण्याचे दिवस, दोन्ही टपालाच्या भरवशावर राहतात.

फॉर्ममध्ये 'परत जाणार आहे' आणि 'परत जाणं अनिश्चित आहे' असा भेद विचारलेला असतो. अनिश्चित लिहिल्यास काही राज्यं फक्त अध्यक्ष, सिनेट आणि प्रतिनिधीगृह एवढीच मतपत्रिका पाठवतात, स्थानिक पदं वगळतात. फक्त केंद्रीय पदांसाठी मत दिल्याने तुमच्या केंद्रीय करात फरक पडत नाही. राज्याच्या पदांसाठी मत देताना मात्र राज्याच्या कराचा प्रश्न येऊ शकतो, तेव्हा कर भरून देणाऱ्याला आधी विचारून घ्यावं.

भरलेला फॉर्म छापून, सही करून, स्कॅन करून ईमेलने पाठवणं बहुतेक ठिकाणी चालतं. काही राज्यं मूळ कागदही टपालाने मागतात. आणि हा अर्ज दर वर्षी नव्याने पाठवायचा असतो. २०२४ ला पाठवला होता म्हणून २०२८ ला मतपत्रिका आपोआप येईल, असं धरून बसू नका.

अर्ज पाठवायचा जानेवारीत. युद्धकाळात याला फार महत्त्व आहे आणि नेमकं हेच सेवेच्या संकेतस्थळावर पुरेसं ठळक सांगितलेलं नाही. अर्धा गुण आम्ही इथे कापला. युद्ध चालू असताना खरी निवड कित्येकदा नोव्हेंबरात होतच नाही, ती पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेऱ्यांतच होऊन जाते. १९६८ च्या मार्चमध्ये न्यू हॅम्पशर राज्याच्या फेरीत सिनेटर युजीन मॅकार्थी यांनी व्हिएतनाम युद्धाला विरोध करत सुमारे ४२ टक्के मतं घेतली. त्यांच्याच पक्षाचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन्सन यांना सुमारे ४९ टक्के मिळाली, पण ३१ मार्चला त्यांनी आपण पुन्हा उभे राहणार नाही असं जाहीर केलं. १९५२ मध्ये कोरियाचं युद्ध चालू असताना तेव्हाचे अध्यक्ष ट्रूमन त्याच राज्यात आपल्याच पक्षाच्या सिनेटर कीफॉव्हर यांच्याकडून हरले आणि त्याच महिन्यात बाजूला झाले. ज्यांचा अर्ज ऑगस्टमध्ये गेला त्यांच्यापुढे दोनच नावं उरतात, आणि दोन्ही पटत नाहीत अशी तक्रार त्यांचीच जास्त असते. प्राथमिक फेरीसाठी बऱ्याच राज्यांत पक्ष नोंदवावा लागतो. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना आहे, तो भरावा.

आता मुख्य प्रश्न, सप्टेंबरात ठरवायचं कसं. आधी ऑक्टोबरचा हिशोब मांडू.

१९४० च्या ३० ऑक्टोबरला बॉस्टनमध्ये रूझवेल्ट यांनी सांगितलं की तुमची मुलं परदेशातल्या युद्धात पाठवली जाणार नाहीत. पुढच्या वर्षी डिसेंबरात अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. हल्ला जपानने केला हे खरं, पण मतदाराला दिलेलं आश्वासन त्याच्या भरवशावर मत देण्याइतकं पक्कं नव्हतं. १९६४ च्या २१ ऑक्टोबरला ॲक्रनमध्ये जॉन्सन म्हणाले की आशियातल्या मुलांनी करायचं काम करायला आपण अमेरिकी मुलं पाठवणार नाही. ८ मार्च १९६५ ला व्हिएतनाममधल्या दा नांगला अमेरिकी मरीन सैनिक उतरले. १९६८ ला मतदानाच्या पाच दिवस आधी, ३१ ऑक्टोबरला, जॉन्सन यांनी उत्तर व्हिएतनामवरचे बॉम्बहल्ले थांबवल्याचं जाहीर केलं. लोकांना वाटलं तह आला. २ नोव्हेंबरला दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष थियू यांनी पॅरिसच्या शांतता-बोलण्यांना येणार नाही असं सांगितलं. १९७२ ला २६ ऑक्टोबरला अध्यक्ष निक्सन यांचे सल्लागार किसिंजर यांनी शांतता हाताशी आल्याचं सांगितलं, निक्सन प्रचंड मतांनी निवडून आले, आणि १८ डिसेंबरपासून उत्तर व्हिएतनामच्या हनोई-हायफाँगवर बॉम्बवर्षाव सुरू झाला. पॅरिस करार व्हायला २७ जानेवारी १९७३ उजाडला.

उलटं उदाहरणही आहे, ते लपवण्याचं कारण नाही. १९५२ च्या २४ ऑक्टोबरला डेट्रॉइटमध्ये आयझेनहॉवर म्हणाले, मी कोरियाला जाईन. निवडून आल्यावर डिसेंबरच्या सुरुवातीला ते खरंच गेले, आणि २७ जुलै १९५३ ला युद्धविराम झाला. पण नीट पाहिलं तर त्यांनी वचन दिलं होतं फक्त जाण्याचं, आणि ते त्यांच्या एकट्याच्या हातात होतं. आम्ही सगळ्यांना हीच चाळणी लावायला सांगतो: उमेदवार जे करीन म्हणतो ते करायला त्याला आणखी कोणाकोणाची संमती लागेल?

अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार सैन्याचा सरसेनापती अध्यक्ष, पण युद्ध पुकारण्याचा आणि पैसा मंजूर करण्याचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा. काँग्रेसने रीतसर युद्ध पुकारल्याची शेवटची घटना जून १९४२ ची आहे. त्यानंतरची कोरिया, व्हिएतनाम, इराक ही सगळी युद्धं ठरावांवर किंवा अध्यक्षाच्या आदेशावर चालली. १९७३ च्या युद्धाधिकार ठरावाने अध्यक्षाला बंधन घातलं: सैन्य लढाईत उतरवल्यास ४८ तासांत काँग्रेसला कळवायचं, आणि मंजुरी नसल्यास ६० दिवसांत, सैन्य सुरक्षित मागे घेण्यासाठी फार तर आणखी ३० दिवस घेऊन, थांबायचं. अध्यक्षांनी हे बंधन पूर्णपणे कधीच मानलेलं नाही. म्हणून उमेदवाराला विचारण्याचा प्रश्न 'तुम्ही युद्धाच्या बाजूचे की विरोधातले' हा नव्हे. साठावा दिवस उलटला आणि काँग्रेसने मंजुरी दिली नाही तर तुम्ही काय कराल, हे विचारा. सभेतल्या भाषणात याचं उत्तर मिळत नाही. जुन्या मुलाखतींत, आणि उमेदवार खासदार राहिलेला असेल तर त्याच्या मतांच्या नोंदीत, मिळतं.

'पहिल्या दिवशी युद्ध थांबवीन' या वाक्याचे दोन तुकडे करून पाहा. आपलं सैन्य मागे घ्या असा आदेश अध्यक्ष पहिल्या दिवशी देऊ शकतो. समोरच्याने गोळीबार थांबवावा हा आदेश त्याला देता येत नाही. पहिला तुकडा त्याला मान्य आहे का, आणि त्याचे परिणाम तो बोलून दाखवतो का, एवढं तपासलं तरी बरंच कळतं.

मतांच्या नोंदी काँग्रेसच्या अधिकृत संकेतस्थळावर नावानिशी मिळतात, फुकट. व्हिएतनाममध्ये लष्करी बळ वापरायची मुभा देणारा १९६४ चा टोंकिन ठराव सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ ने मंजूर झाला; विरोधात मोर्स आणि ग्रुएनिंग हे दोघेच. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर लष्करी बळ वापरायची मुभा देणाऱ्या २००१ च्या ठरावाला प्रतिनिधीगृहात एकट्या बार्बरा ली यांनी विरोध केला. २००२ चा इराक ठराव सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ आणि प्रतिनिधीगृहात २९६ विरुद्ध १३३ ने मंजूर झाला. त्या ७७ मध्ये जॉन केरी, हिलरी क्लिंटन आणि जो बायडन होते. तिघेही पुढे वेगवेगळ्या वर्षी अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि तिघांनाही त्या एका मताचा जाब द्यावा लागला.

मात्र नोंद अर्धी वाचू नका. २००४ ला केरी यांची थट्टा झाली ती ८७ अब्ज डॉलर्सच्या युद्धखर्चाला आधी बाजूने आणि मग विरोधात मत दिलं म्हणून. प्रत्यक्षात ती दोन वेगळी मतदानं होती. श्रीमंतांची करकपात कमी करून त्यातून हा खर्च भागवावा, या दुरुस्तीला त्यांचा पाठिंबा होता. ती फेटाळली गेली, म्हणून शेवटच्या विधेयकाला त्यांनी विरोध केला. तुम्हाला ते पटो वा न पटो, पण युद्धाचा पैसा कुठून आणायचा याचं एक उत्तर त्या दोन मतांत होतं. नोंद वाचताना त्याच विधेयकावरचं आधीचं आणि नंतरचं मतदान जोडून वाचलं की असं सापडतं.

पक्षाचा जाहीरनामा आणि उमेदवार एकच बोलतात का, हेही पाहावं लागतं. १८६४ मध्ये यादवी युद्ध भरात असताना डेमोक्रॅटिक पक्षाने लढाई थांबवून वाटाघाटी कराव्यात असा जाहीरनामा काढला आणि उमेदवारी दिली जनरल मॅक्लेलन यांना. त्यांनी उमेदवारी स्वीकारतानाच शांततेचं ते कलम नाकारलं, तर उपाध्यक्षपदाचे उमेदवार पेंडलटन शांततावाद्यांतले होते. मतदाराने नेमकं कशाला मत द्यायचं? लिंकन यांना २३ ऑगस्टला स्वतःच्या पराभवाची इतकी खात्री वाटत होती की तसं एका कागदावर लिहून, घडी घालून, आत काय आहे ते न दाखवता त्यांनी मंत्र्यांच्या सह्या घेतल्या. २ सप्टेंबरला दक्षिणेचं अटलांटा शहर लिंकन यांच्या फौजेच्या हाती पडलं आणि वारं फिरलं. ती बातमीसुद्धा सप्टेंबरातलीच होती.

आपण जी टपाली सोय वापरतो तिचं मूळ याच निवडणुकीत आहे. उत्तरेकडच्या १९ राज्यांनी आघाडीवरच्या सैनिकांना तिथूनच मत देण्याची मुभा दिली. इंडियानासारख्या राज्यात ती नव्हती, तर सैनिकांना रजा देऊन घरी पाठवलं गेलं. जे युद्ध लढत होते त्यांनी ते चालू ठेवायचं की नाही यावर मत दिलं, आणि सैनिकांची बहुसंख्य मतं लिंकन यांना पडली. १९४२ ला सैनिकांच्या मतदानाचा केंद्रीय कायदा आला, १९७५ च्या कायद्याने परदेशातल्या साध्या नागरिकांना हक्क मिळाला, १९८६ ला दोन्ही एकत्र झाले. आजही ही सेवा संरक्षण खात्याकडे आहे ती यामुळेच.

उपाध्यक्षाकडे दुर्लक्ष करू नका. १९४४ ला रूझवेल्ट आजारी दिसत होते, तरी चर्चा त्यांच्या आणि विरोधी उमेदवार ड्यूई यांच्याच नावाची. १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट गेले. अणुबॉम्बची सविस्तर माहिती नव्या अध्यक्षांना, म्हणजे तोवर उपाध्यक्ष असलेल्या ट्रूमन यांना, युद्धमंत्री स्टिमसन यांनी २५ एप्रिलला दिली, आणि ऑगस्टमध्ये तो वापरायचा निर्णय त्यांच्याच कारकिर्दीत झाला. युद्धकाळात मतपत्रिकेवरचं दुसरं नावही पहिल्याइतकंच बारकाईने वाचायचं असतं.

घरात अमेरिकी पासपोर्टवाला मुलगा असेल तर एक गोष्ट थेट त्याच्याशी संबंधित आहे. १८ ते २५ वयाच्या पुरुष नागरिकांची सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये, म्हणजे सक्तीची सैन्यभरती लागल्यास वापरायच्या यादीत, नोंद असावी लागते, आणि दुहेरी नागरिक किंवा परदेशी राहणारेही त्यातून सुटत नाहीत. सक्तीची भरती १९७३ ला संपली, ती पुन्हा आणायची तर काँग्रेसचा कायदा लागेल. उमेदवार यावर काय बोलतो ते आईवडिलांनी ऐकावं. वादविवाद साधारण तिकडच्या रात्री नऊला सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे पूर्व किनाऱ्याच्या उन्हाळी वेळेनुसार दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला. चिरफाड करणाऱ्या चर्चांपेक्षा पूर्ण लेखी उतारा वाचणं जास्त उपयोगी.

काही गोष्टी मतदाराला दिसतच नाहीत, हेही मान्य करायला हवं. १९४४ च्या सप्टेंबरात सेनाप्रमुख मार्शल यांनी ड्यूई यांना गुप्त पत्र पाठवून, जपानी सांकेतिक लिपी आपण फोडली आहे हे प्रचारात बोलू नका अशी विनंती केली. ड्यूई गप्प राहिले आणि हरले. त्यांचा हा संयम त्या वेळी कोणाच्याही मतात मोजला गेला नाही.

निर्णय झाला की उरतं ते कागदाचं काम. येती अध्यक्षीय निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ ला आहे, म्हणजे मतपत्रिका २३ सप्टेंबरपर्यंत निघायला हवी. ईमेल स्पॅममध्ये जाते, तिथे शोधा. छापायला झेरॉक्सच्या दुकानात जाल तेव्हा आपण नेहमी करतो तसं दुकानाच्या नंबरवर सगळी पीडीएफ व्हॉट्सॲप करू नका. कोऱ्या मतपत्रिकेत गुप्त काही नसतं, पण सोबतच्या प्रतिज्ञापत्रावर तुमची जन्मतारीख आणि ओळख क्रमांक असू शकतो, आणि फाइल त्यांच्या कॉम्प्युटरवर राहते. पेन ड्राइव्ह न्या, समोर छापून घ्या. तिकडचा कागद लेटर मापाचा, ए-४ पेक्षा रुंद आणि आखूड, म्हणून छापताना 'फिट टू पेज' ठेवा, नाहीतर नावांपुढचे मत नोंदवायचे कडेचे गोल कापले जातात. माप थोडं बदललं तरी बिघडत नाही, कारण घरी छापलेली मतपत्रिका तिकडचे कर्मचारी मोजणी यंत्राच्या कागदावर उतरवून घेतात. हे गोल काळ्या शाईच्या पेनाने पूर्ण भरा. आतलं गुप्ततेचं पाकीट, बाहेरचं पाकीट आणि सही केलेलं प्रतिज्ञापत्र यांचा क्रम सूचनेप्रमाणेच ठेवा. आतल्या पाकिटाशिवाय आलेलं मत काही राज्यांत बाद होतं. साक्षीदाराची सही लागते का तेही पाहा.

परत पाठवण्याची रीत राज्यागणिक वेगळी. पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, इलिनॉय यांना कागदच लागतो. मॅसॅच्युसेट्स ईमेल घेतं, कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा फॅक्स घेतात, न्यू जर्सीला ईमेलनंतर मूळ कागदही हवा असतो. नियम बदलतात, तेव्हा पाठवण्याआधी आपल्या राज्याचं पान पुन्हा उघडा. एकाच देशाच्या अध्यक्षासाठी इतके वेगळे नियम असणं मतदाराच्या सोयीचं नाही. उरलेला एक गुण आम्ही यासाठीच कापला.

कागदी टपालाला तीन वाटा आहेत. ठाण्याच्या किंवा वाशीच्या टपाल कार्यालयातून आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट. यात माग काढता येतो, पण दसरा-दिवाळीच्या गर्दीत दिवस वाढतात. शिवाय २०२५ च्या ऑगस्टअखेर भारतीय टपाल खात्याने आयातशुल्काच्या घोळामुळे अमेरिकेची सेवा स्थगित केली होती, ती ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू झाली. निवडणुकीच्या वर्षी असं झालं तर दुसरी वाट तयार हवी. ती म्हणजे बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीचा पाउच, म्हणजे वकिलातीची स्वतःची टपालाची थैली. ठाण्याहून किंवा वाशीहून लोकलने कुर्ल्याला उतरून पश्चिमेकडून बस किंवा रिक्षा. पाकिटावर अमेरिकी तिकीट किंवा एफव्हीएपीचा 'पोस्टेज पेड' नमुना लागतो. हाच नमुना आपल्या टपालपेटीत चालत नाही, तिथे भारतीय तिकीट लावावंच लागतं. स्वीकारण्याचे दिवस-वेळ आणि मोबाइल-बॅगेचे नियम आधी बघून जा, आणि पोचायला तीन-चार आठवडे धरा. तिसरी वाट खासगी कुरियर, सगळ्यात जलद आणि सगळ्यात महाग. काउंटीचा पत्ता पीओ बॉक्सचा असेल तर कुरियर तो घेत नाही. कार्यालयाचा रस्त्यावरचा पत्ता शोधून ठेवा.

ऑक्टोबर उजाडला आणि मतपत्रिका आलीच नाही, तर एफडब्ल्यूएबी नावाची राखीव मतपत्रिका याच संकेतस्थळावरून छापा. त्यात छापील नावं नसतात. अध्यक्षपदासाठी उमेदवाराचं किंवा नुसतं पक्षाचं नाव हाताने लिहायचं. नंतर खरी मतपत्रिका आली तर तीही भरून पाठवा, मोजली एकच जाते. एफपीसीए वेळेत गेलेला असेल तरच बऱ्याच राज्यांत ही राखीव मतपत्रिका धरतात, म्हणून जानेवारीचा अर्ज चुकवू नका.

पाठवल्यावर काउंटीच्या किंवा राज्याच्या संकेतस्थळावर नाव आणि जन्मतारीख टाकून मतपत्रिकेची स्थिती पाहता येते. सही जुळली नाही तर बरीच राज्यं ईमेल पाठवून दुरुस्तीची संधी देतात, पण मुदत थोड्याच दिवसांची असते. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तो ईमेल रोज उघडा, आणि आजी-आजोबांच्या नावाने अर्ज केला असेल तर त्यांचा पासवर्ड घरात कोणाकडे आहे ते आधीच ठरवून ठेवा.